कोरी सीता

क्लुंगकुंगच्या डोळ्यांच्या दवाखान्यात न्योमान नंबराची वाट पाहत होता. मागच्या बाकावर एक म्हातारा चित्रकार तपासून येऊन मेहुणीजवळ बसला.

"काय म्हणाले, भावजी?"

"डोळे ठणठणीत आहेत म्हणाले."

"मग? ताईच्या दुखण्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी कुंचले आढ्याला खोचलेत. ती गेली, आणि आता चार वर्षांनी देवळाचा पडदा रंगवायला घेतलात, तर डोळ्यांचं निमित्त!"

"निमित्त नाही गं. रंग मातकटच उतरतात. आपल्या कामासन गावच्या चित्रांत रेघ नवऱ्याची, रंग बायकोचा. तीस वर्षं ती शेजारी बसून रंग भरायची. मी एकदा तरी तिच्या वाटीत डोकावलो का?"

"रंग चिकटायला सरस घालतात, तो जास्त घालत असाल. ताई थेंबाथेंबानं घालायची."

"हे आधी नाही सांगायचं?"

"तुमच्या दाराला आतून कडी! सांगणार कुणाला?"

न्योमानचा नंबर पुकारला. तो उठला नाही.

"किती झालंय, भावजी?"

"राम झाला, लक्ष्मण झाला. माकडंही झाली."

"माकडांना मातकट रंग शोभतोच म्हणा!"

"हस तू. उद्या येशील?"

"येईन. रंग मी कालवीन, पण भरायचा तुम्हीच."

"बरं."

"आता राहिलंय काय?"

"सीता. ती अजून कोरीच आहे."