चंद्रकळेचा धडपा

काय म्हणाले तुमी, भाऊ — पिस्टन टाईट बसवले म्हणून इंजिन जाम झालं? असं नोका म्हणू. बसा. त्या स्टुलावर नोका, त्याचा पाय हालते, खाटेवर बसा. सकाळपासून वर्कशॉपात खपून राह्यले, चहा तं घेऊन जा. गाडी काही पळून जात नाई, चार वर्षं झाली जाग्यावरून हालली नाई. ठाकूरसाहेबानं विकली, तुमच्या मालकानं घेतली, उद्या टरकात घालून न्या खुशाल. मले गाडीचं काही नाई. पण तुमी नागपूरले जाऊन सांगाल की कारंजाच्या एका अनाडी फिटरनं इंजिनाचं वाटोळं केलं — ते नोका सांगू. त्या फिटरचं नाव इंद्रभान. माहे घरधनी. गेल्या पोळ्याच्या आठ दिवस आधी वारले.

साखर कमी झाली का? घ्या आनखी. तं मी काय सांगत होती — हे चौथी शिकलेले अन् मी मॅट्रिक. ठाकूर किसनसिंगाच्या वडिलानं ही गाडी कोण्या संस्थानिकाकडून घेतली होती, दोन माणसं बसतीन एवढीच, बसकी, अन् इंजिन मागच्या अंगाले. बंद पडली तवा ठाकुरानं इथं दुरुस्तीले देली. लोक पाहाले यायचे, पुढचं झाकण उघडायचे अन् म्हणायचे, इंद्रभान, इंजिन चोरीले गेलं रे तुहं. अन् पाणी टाकाची जागा शोधायचे. पाणी नाईच. हवेनंच थंड होते. भिवाजी म्हणून एक बैलबंडीवाला होता, तो म्हणे, बिना पाण्याचं ढोर चालत नाई, हे काय चालन? हे हासत. म्हणत, भिवाजी, तू उन्हातून आला की शेल्यानं वारा घेतं ना, तसंच हे. ठाकुराच्या इथं गाडी रुई काढाच्या जिनाच्या भिंतीले लागून उभी राहायची, तिथंच चालू व्हायची. दर हंगामात रुई उडून इंजिनाच्या पंख्यानं आत ओढली, सिलिंडरभोवतीच्या हवा खेळाच्या पाकळ्यात दाटून बसली अन् इंजिन उकडून मेलं. यायनं उघडल्याबरोबर ते ओळखलं. बोटानं रुई काढून मले दाखोली — पाहा, म्हणे, गादी भरून ठेवली याच्यात कोणं तरी.

मंग सात महिने लागले. गाडीसंगं एक जाड पुस्तक होतं, इंग्रजी. यायले ते वाचता येत नव्हतं अन् मले समजत नव्हतं — शब्द यायचा, वस्तू यायची नाई. मी उंबऱ्यावर बसून वाचायची, अर्थ सांगायची, हे आतून म्हणायचे, असं नसन, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं की म्हणायचे, हां, म्हणजे ह्या अंगानं. असं दोघं मिळून एक माणूस झालो होतो आमी. एकएक भाग रॉकेलात धुवाचा, अन् ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं सुपात मांडाचा. पाच सुपं माही गुंतली होती, ज्वारी पाखडाले मी शेजारच्या प्रयागबाईचं सूप आणायची. पाकळ्या साफ कराले छत्रीची काडी. चारही सिलिंडरले मी गेरूनं आकडे टाकले, ज्याचा पिस्टन त्यालेच. मुंबईहून नव्या रिंगा आल्या तवा यायनं पिस्टन अन् सिलिंडरमधली फट मोजली — मी पुस्तकातला आकडा सांगू, हे मापाची पत्ती फटीत घालून पाहात, अन् मी वहीत लिहू. ही पाहा वही. घ्या ना, हात काळे असले तरी चालते, ती आधीच काळी हाये. हे चारही पिस्टनचे आकडे. तुमच्या जवळ माप हाये, लावून पाहा. टाईट नव्हते, भाऊ. एकही टाईट नव्हता.

बाजारात लोक टोमणे मारत. इंद्रभान, पाना उजव्या हातात धरू का डाव्या, बायकोले पुसून ये जाय. हे म्हणायचे, पुसूनच आलो. एवढंच. पण घरी आले की त्या दिवशी कमी बोलत. मी एकदा म्हटलं, मी नाई वाचत उद्यापासून. तं म्हणाले, मंग मी आंधळा होऊ का?

अन् चाललं इंजिन! तुमाले कोणी सांगतलं नसन. इथंच, वर्कशॉपात, कापसाचा हंगाम सुरू व्हाच्या आधी, चांगलं पंधरा मिनिटं चाललं. यायनं माहा हात धरून झाकणावर ठेवला, तिथं बोटं टिकत होती. जाम व्हाचं असतं तं तवाच नसतं झालं?

मंग काहून झालं म्हणता. रुईनं झालं. रुईच ते. हा रस्ता मार्केटले जाते, कापसाच्या बंड्या दारावरूनच. वारा सुटला की चुलीवरच्या वरणात रुई पडते. पुस्तकात तं रुईचं नाव नव्हतं, त्या लोकाच्या देशात कापूस कुठं पिकते. म्हणून यायनं आपल्या डोक्यानं पंख्याच्या तोंडावर बारीक जाळी बसवली, चार स्क्रूची. तुमी पाह्यली असन. रोज मले सांगत, जाळीतून एक तंतू आत जाऊ देऊ नको. रोज.

ठाकुराच्या पोरीचं लग्न होतं. नवरदेव मूर्तिजापूर टेशनावर उतरणार, अन् त्याले ह्याच गाडीत आणायचं असं ठाकुरानं साऱ्या गावात सांगून ठेवलेलं. दोन दिवस आधी हे ट्यूब आणाले अकोल्याले गेले. अन् त्याच दुपारी वारा सुटला — असा वारा, अन् पन्नास बंड्या उभ्या रस्त्यावर. जाळी पांढरी होऊन राह्यली. मी झाडू, पुन्हा पांढरी. एक तंतू नाई म्हणत होते ना ते. मले स्क्रू खोलता येत होते — यायनंच शिकवलं होतं.

चहा थंडा झाला तुमचा.

मी जाळी काढली. माह्या पहिल्या संक्रांतीची काळी चंद्रकळा होती, फाटलेली, तिचा धडपा घेतला, दुहेरी केला, पंख्याच्या तोंडावर ताणून बसवला अन् वरून जाळी कसून टाकली. लय चांगलं बसलं. मलेच कौतुक वाटलं. हे आले की सांगीन म्हटलं, हासतीन. अन् तेवढ्यात माह्या माहेरचा, किन्हीराजाचा एक माणूस एसटीतून उतरून सांगत आला, माय पडली, लवकर चाल. मी चावी प्रयागबाईले देली, चूल झाकली, अन् परतीच्या एसटीनं निघाली. तिच्याजवळ निरोप ठेवायचा होता. मायचा ठेवला. धडप्याचा नाई ठेवला.

दुसऱ्या दिवशी मायच्या इथं चुलीपुढं बसली, वरणाचा गरम गंज उतरवाले फडकं उचललं, अन् हातातच राह्यलं. तोवर शेवटची गाडी गेलेली. तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाली. साऱ्या रस्त्यानं म्हणत होती, पाह्यलं असन त्याईनं, पाह्यलं असन. पण काळ्या जाळीमागं काळं कापड, कसं दिसन? हवेवर जगणारं इंजिन, अन् त्याचं तोंड मी बांधून ठेवलं.

कारंजाले उतरली तं बाजारातून गाडी येऊन राह्यली होती. बैलं जुपलेली. भिवाजीची जोडी. बाजूनं हे चालत, एक हात खिडकीतून आत, स्टेरिंगवर. पाच मैलावर जाम झाली म्हणे. नवरदेव कापसाच्या टरकात बसून आला, शेरवानीले रुई लागलेली, तेही लोक पाहून आले. साऱ्या बाजारानं वाट करून देली यायले. हासलं कोणी नाई. हासले असते तं बरं झालं असतं.

ठाकूर वर्कशॉपाच्या दारात आले. मीही तिथंच उभी होती, हातात पिशवी. ते म्हणाले, इंद्रभान, काय झालं? मी तोंड उघडलं होतं, भाऊ. खरं सांगते तुमाले, उघडलं होतं. यायनं माह्याकडं पाह्यलं — हाताले काळं, अन् मुठीत काही तरी धरलेलं — अन् ठाकुराले म्हणाले, माही चूक झाली, साहेब. पिस्टन टाईट बसले.

तेच तुमी आज म्हणाले. त्याईचंच वाक्य.

त्यानंतर एक इंजिन घेतलं नाई. जिनात तेल घालाच्या नोकरीवर लागले. मी दोनदा विषय काढला, दोन्ही डाव म्हणाले, मायची तब्येत कशी हाये आता? ते जाईपर्यंत हेच. मायले जाऊनही दोन वर्षं झाली होती, तरी मी म्हणायची, बरी हाये.

तुमाले जाळीमागं काही सापडलं नाई ना? नाईच सापडणार. गाडी ओढून आणली त्या रात्री मी वर्कशॉपात गेली नाई, हिंमत नाई झाली. वही घेऊन जा तुमी. नाव लिहिलेलं हाये मागं, दोघाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आली, तं धडपा धुऊन दोरीवर वाळत घातला होता.