मोरपंखी साडी माझ्याच दुकानात होती

जबाब
दि. १५/०२/२०२५, पोलीस ठाणे शेवगाखेड, ता. मेहकर, जि. बुलढाणा

मी, सायरा गुलाम रसूल शेख, वय ५२ वर्षे, व्यवसाय लेडीज टेलर, शिक्षण सातवी (उर्दू माध्यम), रा. बस स्टँडमागे, शेवगाखेड, आज रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती व मुलगी अलीजा यांच्यासह राहते. घराच्या पुढच्या खोलीत माझे शिवणाचे दुकान आहे. पतीचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे.

सौ. सुवर्णा विहंग पातुरकर, वय ३१, हिला मी सहा वर्षांपासून ओळखते. तिचे पती विहंग भालचंद्र पातुरकर हे ज्युनिअर कॉलेजला शिक्षक आहेत. घरात ते, त्यांची आई वासंतीबाई व सुवर्णा असे तिघे राहतात. लग्नाला नऊ वर्षे झाली आहेत, मूलबाळ नाही. सुवर्णाचे सर्व ब्लाउज व गाऊन मीच शिवते. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरता आहे. त्यामुळे रेडीमेड कपडा तिला बसत नाही.

सुवर्णा दररोज दुपारी २ ते ३.३० माझ्या दुकानात येऊन बसत असे. गावच्या वाचनालयातून ती रहस्यकथा आणत असे व मी मशीनवर असताना मला मोठ्याने वाचून दाखवत असे. मला मराठी बोलता येते, पण वाचायला वेळ लागतो. ज्या कादंबरीत बाई गुन्ह्याचा छडा लावते तीच कादंबरी ती आणत असे. बाप्ये शोधणारे असले की ती पुस्तक बदलून आणायची. एका मालिकेत रिटायर झालेली हेडनर्स होती, तिचे आम्ही चौदा भाग वाचले. त्यातले पोलीस शेवटच्या प्रकरणात येतात. हे लिहू का, असे जबाब लिहून घेणाऱ्या रायटर साहेबांनी विचारले. मी लिहा म्हटले.

सुमारे दोन महिन्यांपूर्वी सुवर्णाने मला सांगितले की घरचे सोडचिठ्ठी माग म्हणतात, कारण पतीचे दुसरे लग्न करायचे आहे. मी विचारले, "मंग तू काय म्हणतेस?" ती म्हणाली, "मी काऊन मागू? मले काही तक्रार नाही. त्यायले असंल तर त्यायनं कोर्टात जावं." एवढे बोलून तिने पुढचे प्रकरण वाचायला घेतले.

शुक्रवार दि. ३१/०१/२०२५ रोजी ती नेहमीप्रमाणे आली. सोबत मोरपंखी रंगाची, राणी काठाची नवी साडी फॉल-पिकोसाठी व ब्लाउजपीस शिवायला आणले होते. बुधवारी तिच्या मैत्रिणीकडे डोहाळजेवण होते, त्याआधी पाहिजे म्हणाली. मी मापाच्या वहीत तारीख टाकून नोंद केली. कंबर ३१ इंच लिहिलेली आहे. वही सोबत आणली आहे.

शनिवारी ती आली नाही. सोमवारीही आली नाही. मी अलीजाला तिच्या घरी पाठवले असता वासंतीबाईंनी दारातच सांगितले की, "ती गेली. कोणासंगं गेली ते आम्हाले विचारू नको." अलीजाने येऊन मला जसेच्या तसे सांगितले. मी त्या दिवशी एका ब्लाउजची बाही उलटी लावली. तीस वर्षांत माझ्याकडून असे झालेले नाही.

बुधवार दि. ०५/०२/२०२५ रोजी सकाळी ९.०० वा. सुमारास बस स्टँडच्या भिंतीवर सुवर्णाच्या फोटोची 'हरवली आहे' अशी नोटीस लावलेली मी पाहिली. वाचायला मला वेळ लागला. त्यात लिहिले होते, 'घरातून निघून जाताना अंगावर मोरपंखी रंगाची राणी काठाची साडी'. खाली संपर्कासाठी विहंग पातुरकर यांचा मोबाईल नंबर होता.

ती साडी त्या वेळी माझ्या दुकानात हँगरला लटकत होती. फॉल अर्धा लागला होता.

मी दुकानात जाऊन साडी पिशवीत घातली व याच ठाण्यात आले. त्या वेळी हजर असलेल्या जमादार साहेबांना साडी दाखवून सांगितले की, बाई ही साडी नेसून गेलेली नाही, म्हणजे ती काय नेसून गेली ते घरच्यांनी पाहिलेलेच नाही. कपाटात जी साडी दिसली नाही ती त्यांनी लिहून दिली. जमादार साहेबांनी वासंतीबाईंना फोन लावला व मग मला म्हणाले, "आपा, तशा दोन साड्या हायत म्हणे त्यायच्या घरी. एकसारख्या साड्या रायतात लोकायपाशी. अन् गेलेली बाई परत येत नसते. तुम्ही तुमचं काम करा." मी साडी घेऊन परत आले. मला चहा विचारला होता, तो मी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासंतीबाई दुकानात आल्या. सहा वर्षांत त्या पहिल्यांदाच आल्या. आमच्यात बोलणे झाले ते असे.

त्या म्हणाल्या, "आमची साडी द्या."

मी म्हटले, "जिनं दिली तिले देईन."

त्या म्हणाल्या, "ती दुसरी तसलीच नेसून गेली. ही घरची हाय."

मी म्हटले, "मंग त्या दुसरीवरचं ब्लाउज कोणी शिवलं? माह्या वहीत त्या रंगाचं एकबी ब्लाउज नाही."

त्या म्हणाल्या, "रेडीमेड घेतलं असंल."

मी म्हटले, "काकू, तिले रेडीमेड बसत नाही. तुमच्या सुनेचा खांदा उतरता हाय. नऊ वर्षांत तुमच्या ध्यानात आलं नाही का?"

त्या निघून गेल्या. साडी माझ्याकडेच राहिली.

घरी मी पतीला सर्व सांगितले. पती म्हणाले, "ये सब किताबों का असर है." त्यांचे म्हणणे खरे आहे. त्या पुस्तकांतली बाई आधी तारखा लिहून काढते, म्हणून मीही मापाच्या वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहिल्या. ती गावभर बोलत सुटत नाही, म्हणून मीही कोणाला बोलले नाही. पुढे काय करायचे ते मला सुचले नाही. पुस्तकात तसे होत नाही.

आठ दिवस असेच गेले. या आठ दिवसांत सुवर्णाबद्दल गावात जे बोलले गेले ते मी इथे सांगत नाही.

गुरुवार दि. १३/०२/२०२५ रोजी दुपारी मेहकरहून नाजिशचा फोन आला. नाजिश माझ्याकडे शिवण शिकली. आता मेहकरला तिचे स्वतःचे दुकान आहे. ती म्हणाली, "आपा, तुमच्या हातचा एक गाऊन माह्याकडं नमुन्याले आलाय. याच मापाचे दोन शिवायचे म्हणे. नाडी नको, बटन नको, हूक नको. वरून घालायचे फक्त."

मी विचारले, "माह्या हातचा कशावरून?"

ती म्हणाली, "उजव्या खांद्याले आतून पट्टी हाय. तुमच्याशिवाय कोण लावते?"

मी मशीन बंद केले. नाडी, बटन, हूक काऊन नको, असे तिला विचारले. ती म्हणाली की लोणारच्या अलीकडे रस्त्यालगत डोक्याच्या आजाराच्या पेशंटचे एक केंद्र आहे, तिथल्या पेशंटला नाडी चालत नाही. कपडे तयार झाले की तिथेच पोहोचवायचे आहेत. गिऱ्हाईक चष्मेवाला मास्तर होता, फोन नंबर देऊन गेला. मी तिला नंबर वाचायला सांगितला व वहीच्या मागच्या पानावर लिहिला. त्याच पानावर बस स्टँडच्या नोटिशीतला नंबर मी आधीच उतरवून ठेवला होता. दोन्ही नंबर एकच होते.

मी लगेच जमादार साहेबांना फोन केला. मोठे साहेब बाहेर आहेत, उद्या संध्याकाळी या, असे ते म्हणाले. मी पतीला सांगितले. पतीने या वेळी पुस्तकांबद्दल काही म्हटले नाही. सकाळची पहिली गाडी किती वाजता आहे ते मात्र ते स्टँडवर जाऊन विचारून आले.

शुक्रवार दि. १४/०२/२०२५ रोजी सकाळच्या एस.टी.ने मी मेहकरला गेले. नाजिशने दोन्ही गाऊन शिवून ठेवले होते. शिलाई सरळ होती. ते घेऊन मी लोणारच्या गाडीत बसले व १२.१० वा. सुमारास सदर केंद्राच्या फाट्यावर उतरले. केंद्राला पत्र्याचे मोठे फाटक आहे. पाटीवर डॉक्टरचे नाव नव्हते. गळ्यात टेप घालून मी फाटक वाजवले. आतून एक बाई आली. तिचे नाव पुष्पांजली, ती तिथे देखरेखीला आहे, हे मला नंतर समजले. मी म्हटले, "पातुरकर मास्तरनं गाऊन शिवाले टाकले होते. फिटिंग पाहाची हाय."

ती म्हणाली, "कोणत्या पेशंटचे?"

मी म्हटले, "उजवा खांदा उतरता हाय तिचे."

ती थोडा विचार करून म्हणाली, "शोभाचे का? नवी आली ती?"

मी हो म्हटले.

मागच्या बाजूला एका खोलीत चार खाटा होत्या. खिडकीकडच्या खाटेवर सुवर्णा बसली होती. तिचे केस कापलेले होते. तिने माझ्याकडे पाहिले, पण तिला ओळखायला वेळ लागला. तिची जीभ जड होती. मी तिला उभे करून माप घेतले. कंबर साडेसत्तावीस भरली. मी पुन्हा एकदा घेतली, तेवढीच भरली. ती मी वहीत लिहिली आहे.

पुष्पांजली दारात उभी होती. सुवर्णा हळू आवाजात म्हणाली, "आपा, इथं मले शोभा म्हणतात. मी सुवर्णा हाय म्हटलं की अजून एक गोळी देतात. म्हणून मी सांगणंच सोडून देलं."

मी म्हटले, "हात वर कर, बगल पाहू दे."

ती म्हणाली, "पुस्तकाची तारीख गेली असंल. वाचनालयवाले रागावले असतील."

मी म्हटले, "कोणी रागावलं नाही. पुस्तक दुकानातच होतं, मी जाऊन नवी तारीख टाकून आणली."

मग ती रडली. मी गाऊनच्या खालच्या घडीला टाचण्या लावत होते, त्यामुळे मला वर पाहता आले नाही.

मी पुष्पांजलीला सांगितले की बाही मोठी झाली, बाहेर उजेडात बसून बारीक करते. व्हरांड्यात येऊन १२.४० वा. मी ११२ नंबरला फोन लावला. नाव, पत्ता, केंद्राची जागा व 'हरवली आहे' म्हणून पोलिसांत नोंद असलेली बाई इथे दुसऱ्या नावाने ठेवली आहे, एवढे सांगितले. त्यानंतर सुवर्णाच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन बसले. दहा मिनिटांनी व्यवस्थापक आले. त्यांनी नाव सांगितले नाही.

ते म्हणाले, "बाई, भेटायची वेळ संपली. बाहेर व्हा."

मी म्हटले, "फिटिंग व्हायची हाय."

ते म्हणाले, "गेटवर माणसं आहेत, त्यांना बोलावू का?"

मी म्हटले, "बोलवा. माह्या हातात कातर हाय, जपून या म्हणा त्यायले."

मी कातर कोणाकडेही रोखली नाही. माझ्या हातात ती नेहमीच असते. व्यवस्थापक मोबाईलवर बोलत पुढच्या खोलीत गेले. मी उंबऱ्यात बसून बाहीची शिवण उसवली व पुन्हा हाताने घातली. असे तीन वेळा केले. पुष्पांजली एकदा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, ती पहिल्या दिवसापासून खरं नाव सांगून राह्यली. मी साहेबाले बोलली होती." तिने मला पाणी आणून दिले. ते मी सुवर्णाला पाजले व उरलेले प्याले.

२.२५ वा. पोलिसांची गाडी आली. सोबत महिला शिपाई होत्या. केंद्राच्या रजिस्टरमध्ये 'शोभा, पत्ता माहीत नाही' अशी नोंद असून दाखल करणारा म्हणून विहंग पातुरकर यांची सही आहे. तारीख ०१/०२/२०२५ आहे. त्यांनी हरवल्याची तक्रार दिली ती ०३/०२/२०२५ रोजी.

सुवर्णाला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेले. मी सोबत गेले. संध्याकाळी तपासावरील साहेबांनी विहंग पातुरकर यांना तेथे बोलावून घेतले. ते सर्वांसमक्ष म्हणाले की पत्नीच्या भल्यासाठीच उपचार चालू होते, बदनामी नको म्हणून नाव बदलले. साहेबांनी विचारले, "उपचाराला तुम्हीच ठेवलं होतं, मग हरवली म्हणून तक्रार कोणाची दिली?" त्यावर त्यांनी पाणी मागितले. जी बाई पळून गेली म्हणतात तिला कोणी शोधत नाही, हे त्यांना माहीत होते असे मला वाटते. ही माझी समजूत आहे, मी ते त्यांच्या तोंडून ऐकलेले नाही.

सुवर्णाचे वडील हयात नाहीत. भाऊ सुरतला असतो. त्याला कळवले असता सुट्टी मिळाली की येतो म्हणाला. दवाखान्यातून सोडल्यावर कुठे जाणार, असे साहेबांनी सुवर्णाला विचारले. ती माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, "अलीजाच्या खोलीत दोन खाटा हायत." ती स्वखुशीने माझ्या घरी येणार आहे. यावरून गावात कोणाला काही म्हणायचे असल्यास माझे दुकान सकाळी दहाला उघडते.

आज सकाळी दवाखान्यात महिला शिपायांनी सुवर्णाचा स्वतःचा जबाब लिहून घेतला. डॉक्टर म्हणाले होते की औषधांचा असर उतरायला काही दिवस लागतील, तोवर हात कापेल. सही करायची वेळ आली तेव्हा तिच्या हातात पेन ठरेना. शिपाई बाई चांगल्या मनाने म्हणाल्या, "राहू द्या ताई, अंगठा चालतो," आणि त्यांनी शाईचे पॅड पुढे केले. सुवर्णाने पॅड परत त्यांच्याकडे सरकवले. ती म्हणाली, "मी बी.ए. झालेली हाय."

कागद उडत होता म्हणून शिपाई बाईंनी उठून पंखा बंद केला. सुवर्णाने आपले पूर्ण नाव लिहायला घेतले. मी घड्याळ पाहिले, अकरा मिनिटे लागली. मधे दोनदा ती थांबली. तिचा हात धरावा असे मला वाटले होते, पण मी धरला नाही. वॉर्डात कोणीही तिला घाई केली नाही.

हा माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला, जिथे अडले तिथे हिंदीत समजावून सांगितला. तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे, त्यात काही कमी-जास्त नाही. खाली उर्दूत सही करीत आहे.

(सही) सायरा गुलाम रसूल शेख