संगणकाच्या खोलीतली झोप

संगणकाने बँकेतली माणुसकी गेली म्हणता, तर आमच्या भिवंडीच्या बँकेचं ऐका. लाइट गेली होती आणि घामोळ्यांनी हैराण झालेली माझी तान्ही लेक काउंटरवर रडत होती. मला आईपण जमत नाही, हे सगळ्या रांगेला कळलं असणार. जनरेटरवर गारवा फक्त संगणकाच्या नव्या खोलीत. काउंटरवरच्या प्रधानबाई लेकीला उचलून आत घेऊन गेल्या. रडणं थांबलं, ती झोपलीच.

मॅनेजर म्हणाले, "बाई, आत बाहेरच्यांना बंदी आहे. वरून नियम आलाय."

"हो साहेब. ती खाती वाचायला लागली की बाहेर काढते."

साहेबांनी आतला खटखटणारा प्रिंटरच थांबवला.

रांगेत माझ्या मागे उभ्या यंत्रमागवाल्या शेठना मी घाबरत म्हटलं, "माफ करा, तुमचं स्टेटमेंट अडकलं."

"सोने दो बेटी," ते म्हणाले, "लाइट के बिना हमारे लूम भी सो रहे हैं."