हॅमंड शाळेच्या आतल्या बाकाबाबत

मी, शालन संभाजी ओव्हाळ, वय ६६ वर्षे, दूरध्वनी खात्यातून निवृत्त, राहणार दांडेकर पुलाजवळ, पुणे. समक्ष पोलीस चौकीत हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर पती व आई यांच्यासह राहते. आईचे नाव सुंदराबाई कचरू रणपिसे, वय ८९ वर्षे. तिला ऐकू चांगले येते, चष्मा लावून वाचता येते. चालताना काठी लागते.

रास्ता पेठेत हॅमंड शाळा म्हणून काळ्या दगडाची इमारत आहे. इंग्रजांच्या काळात हॅमंड नावाच्या साहेबाने ती पेठेतल्या मुलांसाठी बांधली. पुढे मुले कमी होत गेली, शाळा बंद पडली, इमारतीला बरीच वर्षे कुलूप होते. गेल्या वर्षी तिथे चित्रांचे संग्रहालय सुरू झाले. वर्गांच्या भिंतींना पांढरा रंग देऊन चित्रे लावली आहेत. एक वर्ग मात्र फळा, नकाशा, बाक यांसह पूर्वी होता तसा मांडून ठेवला आहे व बाकांभोवती दोरी बांधली आहे.

माझी आई या शाळेत पहिली ते तिसरी शिकली. ती वर्गात कधी बसली नाही. आमच्या समाजाची मुले व्हरांड्यात गोणपाटावर बसत आणि खिडकीतून शिकत. त्या खिडकीतून फळ्याचा डावा अर्धाच भाग दिसे. गणित दिसायचे, उत्तर दिसायचे नाही. उत्तर आई मनाने काढी. गुरुजी तिची पाटी हातात घेत नसत, लांबून बघत. तिसरीनंतर तिची शाळा सुटली. त्याचे कारण मला विचारलेले नाही, म्हणून सांगत नाही.

संग्रहालयाची बातमी आईने पेपरात वाचली व मला तिथे घेऊन चल म्हणाली. रविवारी दुपारी आम्ही दोघी रिक्षाने गेलो. रीतसर तिकिटे काढली. आईने चित्रे पाहिली. एका चित्राला नाव नव्हते, ते का नाही असे तिने तिथल्या मुलीला विचारले. त्यानंतर आम्ही जुन्या वर्गात आलो.

दाराशी एक फलक आहे. त्यावर लिहिले आहे की, या शाळेत स्थापनेपासून सर्व जातिधर्मांची मुले एकाच बाकावर बसून शिकली. अक्षर बारीक असल्याने आईने मला मोठ्याने वाचायला सांगितले. मी वाचले. ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचले. मग तिने काठी माझ्या हातात दिली, दोरी उचलली, खालून वाकून आत गेली आणि पहिल्या बाकावर बसली. मी तिला अडवले नाही. दोरी मीच वर धरून ठेवली होती.

बाक करकरला हे खरे आहे. फळीला तडा गेल्याचे संग्रहालयाच्या तक्रारीत म्हटले आहे. तो तडा त्या दिवशीचा की हॅमंड साहेबाच्या वेळचा, हे मला सांगता येणार नाही. माझी आई किरकोळ अंगाची आहे.

थोड्या वेळाने संग्रहालयाचे संचालक दत्तप्रसाद आगटे आले. ते नम्रपणे बोलले, हे मी नमूद करते. त्यांनी आईला समजावले की बाक फार जुना आहे, तो बसण्यासाठी नाही, पाहण्यासाठी आहे.

आई म्हणाली, "पाहून झालाय माझा. तीन वर्षं पाहिला."

आगटे यांना ते समजले नाही. मी त्यांना खिडकी दाखवली व सर्व सांगितले. त्यावर ते म्हणाले की तसा उल्लेख त्यांच्या अभ्यासकांना कुठेही मिळालेला नाही. मी म्हटले, उल्लेख समोर बसला आहे, विचारून घ्या. त्यांनी विचारले नाही. त्यांनी रखवालदार ज्ञानदेव यांना आईला हाताला धरून उठवण्यास सांगितले. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले आणि म्हणाले, "तिला हात लावायचा नाही." माझा आवाज चढला होता. मी कोणाला ढकलले नाही. ज्ञानदेव स्वतःहून मागे सरकले. आगटे यांनी पोलिसांना फोन केला.

तोपर्यंत वर्गात बरीच माणसे जमली होती. कॉलेजची मुले मोबाईलवर चित्रण करत होती. आईचे तिकडे लक्ष नव्हते. संग्रहालयवाल्यांनी फळ्यावर जुन्या वळणात तारीख, सुविचार आणि एक गुणाकार लिहून ठेवला आहे. आईने तो फळा डावीकडून उजवीकडे, शेवटपर्यंत, सावकाश वाचला. मग मला म्हणाली, "चल." ती आपली आपण उठली. महिला पोलीस आल्या तेव्हा आम्ही पायऱ्या उतरत होतो.

आज सकाळी आगटे यांनी मला फोन करून सुचवले की, आईला वयामुळे विसर पडतो, असे लिहून दिल्यास ते तक्रार मागे घेतील. मी नकार दिला. आईला सगळे आठवते, अडचण तीच आहे.

आम्ही माफी मागणार नाही. फलकावरचा मजकूर बदलेपर्यंत मी दर रविवारी तिकीट काढून तिथे जाणार आहे आणि फलक वाचणाऱ्या प्रत्येकाला ती खिडकी दाखवणार आहे. याला धमकी म्हणायचे असल्यास तसे लिहावे.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात "आई वृद्धापकाळामुळे अनवधानाने बाकावर बसली" असे वाक्य होते. ते मी सांगितलेले नाही. ते माझ्यासमोर खोडून "समजून-उमजून बसली" असे केले आहे व बाजूला मी सही केली आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

माझ्या आईचा जबाब अद्याप कोणी घेतलेला नाही. ती बाहेर थांबली आहे. तो घेतल्याशिवाय ती घरी येणार नाही.