मालकाची सही

(जनावरांच्या कॉलेजचा दवाखाना, सकाळची वेळ. बाकावर तानूबाई शाल गुंडाळून बसली आहे. तिचा नवरा अण्णासो उभा आहे. समोर डॉ. शिवानी.)

अण्णासो : आवाज खाली कशापायी? ऐकू दे की सगळ्या कॉलेजला! ती म्हशी घिऊन बसल्याली पावणं बी ऐकू देत! उचगावच्या अण्णासोची बायकू आठ म्हयनं तापानं फणफणतीया, आन त्यो ताप कुठनं आला ह्ये ह्या म्याडमना सालभर आधी ठाव हुतं!

शिवानी : मामा, मावशींना आधी आत खुर्चीवर बसवू या. बाक टोचत असेल त्यांना.

अण्णासो : बाक न्हाई टोचत, कंबर गेलीया तिची. तीन डाक्टर केलं. तिघं बी टायफाड म्हणालं. गोळ्या खाऊन खाऊन अन्नावरची वासना उडाली. काल चौथा गाठला. त्यानं बसल्या बसल्या काय इचारलं म्हायती हाय? "घरात म्हशी हायत काय? येखादी गाभडली व्हती काय?"

शिवानी : रक्त तपासलं त्यांनी?

अण्णासो : तपासलं. ब्रुसेला का काय त्ये निगालं. जनावराचा रोग माणसात आलाय, मणक्यात बसलाय म्हणालं. आता म्हयनोन् म्हयनं गोळ्या आन इंजेक्शनं. आता बोला. मागल्या सालच्या श्रावणात तुमी माझ्या गोठ्यात आलतासा. चारी म्हशींचं रक्त काढलंसा. व्हय का न्हाय?

शिवानी : हो. मीच काढलं. तेव्हा मी शिकत होते इथं. त्या रोगावरच माझा अभ्यास होता.

अण्णासो : मग रोग निगाला हुता का न्हाय?

शिवानी : चारपैकी एकीत निघाला होता.

तानूबाई : निगाला हुता?

शिवानी : हो मावशी.

अण्णासो : ऐकलंस? ऐक कान उघडून! आन ह्या म्याडम सालभर गपगुमान बसल्या! म्याडम, ह्याच दवाखान्यात माझ्या रेडकाचा मोडल्याला पाय जोडलासा, तवा गावभर पेढं वाटलं म्या. जनावराला काय बी झालं तर आमचं उचगाव दुसऱ्या कुणाचं नाव घेत न्हाई, निस्तं "कॉलेजात ने" म्हणतंय. आन तुमी आमच्या म्हशींचं रक्त न्यायचं, पुस्तक लिवायचं, मोठं व्हायचं, आन आमी मरायचं?

शिवानी : तसं नाहीये ते.

अण्णासो : कसं हाय मग? मला आत्ताच्या आत्ता लेखी पायजे. शिक्का मारून. "आमची चूक हाय" म्हणून लिवायचं. न्हाईतर उचगावात कॉलेजची गाडी शिरू देत न्हाई. शिबिर न्हाई, लस न्हाई, काय सुदीक न्हाई!

शिवानी : निकाल आला त्याच आठवड्यात दूध संस्थेला पत्र दिलं होतं. फळ्यावर लावलं होतं त्यांनी.

अण्णासो : त्यात माझं नाव कुठं हुतं? बारा आकड्यांचा नंबर हुता निस्ता. म्हशीला नंबरानं कोण वळखतंय?

शिवानी : म्हणजे बघितलं होतं तुम्ही पत्र.

अण्णासो : ...समद्यांनीच बघितलं. दूध घालायला जातूय आमी थितं. 

शिवानी : कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर होता तो. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे, नुसत्या नंबरावरून कुणाला काय कळणार? म्हणून मी स्वतः घरी आले.

तानूबाई : कुणाच्या घरी?

शिवानी : तुमच्या. दिवाळी पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी.

तानूबाई : अवो, ही आलती?

अण्णासो : आलती. हुबी ऱ्हायली, गेली. सतरा जण येत्यात दारात.

शिवानी : अर्धा तास बोलत होते मी, मामा! चारी म्हशींचे कान बघितले. एकाही कानात बिल्ला नव्हता.

तानूबाई : मिरवणुकीला काढलं हुतं ते.

अण्णासो : मग? पाडव्याला म्हशी घिऊन जायच्या, शिंगं रंगवायची, कवड्यांची माळ घालायची, मोरपिसं लावायची, आन कानात त्यो प्लॅस्टिकचा तुकडा लोंबत ठेवायचा? काय शोभा ऱ्हाती का? सगळं गाव काढतंय. म्या एकट्यानं काढलं न्हाई.

शिवानी : काढलेत ते काढलेत, कोणता कुठल्या म्हशीचा ते तरी लक्षात ठेवायचं! चारी बिल्ले उकिरड्यात. आता चौघींतली कुठली आजारी, मी काय तोंडं बघून ओळखायचं? म्हणून म्हटलं, परत रक्त काढू द्या, दोन दिवसांत नाव घेऊन सांगते. तर तुम्ही काय म्हणालात?

अण्णासो : गाभण म्हशीला सुई लावू देणार न्हाई म्हटलं. काय चुकलं?

शिवानी : आणखी काय म्हणालात?

अण्णासो : आता सालाखालचं कोण ध्यानात ठेवतंय?

शिवानी : मी ठेवलंय. "तुझ्या पुस्तकाला रक्त पायजे म्हणून माझी म्हैस न्हाई मिळायची. पोरीच्या जातीनं मला गोठ्यातलं शिकवू नको." हे म्हणालात तुम्ही. मामा, मी गारगोटीची हाय. बाच्या गोठ्यात शेण काढून, मग शाळंला गेल्याली पोरगी हाय मी! तरी ऐकून घेतलं. आणि निघताना पायरीवर उभं राहून परत सांगितलं, का नाही? म्हैस गाभडली तर वारेला, रक्ताला, मेलेल्या रेडकाला उघडा हात लावायचा नाही. शिबिरात दिलेले लांब हातमोजे घालायचे. आणि मला फोन करायचा.

तानूबाई : कसलं हातमोजं?

अण्णासो : ती न्हाईत का... निळ्या पिशवीतली.

तानूबाई : खांद्यापतूर येत्यात ती? शिंगं रंगवताना घातली हुतीसा, ती?

अण्णासो : त्यो रंग आठ-आठ दिस हाताचा निगत न्हाई, तानू.

तानूबाई : रंगाला घातली.

अण्णासो : अगं, मला काय सपान पडलं हुतं व्हय पुढं असं हुईल म्हणून?

तानूबाई : संक्रांतीच्या आदल्या दिशी चांदणी गाभडली. रेडकू मेल्यालंच पडलं. वार अडकली. तुमी म्हणालासा, "वढ जरा, आत कुजंल." म्या कोपरापतूर हात घातला. बोटाला इळा लागल्याला हुता, त्यावर चिंधी बांधल्याली. चिंधी सोडून घातला, म्हटलं चिंधी आत ऱ्हाईल.

शिवानी : मावशी...

तानूबाई : तवा तुमी थितंच हुबं हुतासा की. बॅटरी धरून.

अण्णासो : चांदणीच ती, ह्ये कुणाला ठाव हुतं? आणखी तिघी हायत की गोठ्यात!

शिवानी : चौघींतली एक आहे, एवढं ठाऊक होतं तुम्हाला. गाभडली तेव्हा तरी कळायला हवं होतं! एक फोन केला असता तर मी रात्री-अपरात्री गाडी घेऊन आले असते.

अण्णासो : फोन कसा करायचा! तीन सालं पाडव्याला चांदणीचा पयला नंबर हाय! कागलची माणसं बघाय येत्यात तिला. गावात बोभाटा झाला असता, अण्णासोच्या म्हशीत रोग हाय म्हणून, तर दूध कोण घेतलं असतं? त्वांड काढायला जागा ऱ्हायली नसती मला. म्या म्हटलं, न्हाई त्ये कशाला उकरून काढायचं? जाईल आपसूक.

तानूबाई : म्हंजी तुमास्नी कळलं हुतं.

अण्णासो : कळलं न्हवतं ग. जरा... वहीम आलता.

शिवानी : बघा मावशी! आणि सकाळपासून माझ्या नावानं शंख करतायत हे!

तानूबाई : आन तू ग?

शिवानी : मी काय?

तानूबाई : ह्यांनी हाकलली आन तू गेलीस. त्या म्होरं काय केलंस?

शिवानी : मालकानं नकार दिला की आम्हाला जबरदस्ती करता येत नाही. फॉर्मवर मालकाची सही लागते. मी वहीत नोंद केली, "पशुपालकाने सहकार्य नाकारले."

तानूबाई : आन?

शिवानी : आन... उरलेल्या गावांचं काम संपवलं. अभ्यास पुरा झाला. पदवी मिळाली. इथंच नोकरी लागली.

तानूबाई : झ्याक झालं.

अण्णासो : सांग, सांग तिला! येकदा येऊन गेली की झालं व्हय ह्यांचं काम?

तानूबाई : तुमी गप बसा! अजाबात त्वांड उघडू नगासा! ...पोरी, त्या फारमावर माझं नाव हुतं?

शिवानी : नाही.

तानूबाई : श्रावणात तू रक्त काढलंस तवा म्हशी कुणी धरल्या हुत्या?

शिवानी : तुम्ही.

तानूबाई : चांदणी लाथ मारती, ह्यास्नी जवळ येऊ देत न्हाई. तिचं म्होरकं धरून मी हुबी हुतो. तुला च्या दिला त्यो बी म्या. मग माझं नाव का लिवलं न्हाईस?

शिवानी : फॉर्मवर "मालकाचे नाव" एवढीच जागा असते, मावशी.

तानूबाई : शेण कोण काढतंय, धार कोण काढतंय, वार कोण वढतंय, ह्ये लिवायची जागा न्हाई?

शिवानी : नाही.

तानूबाई : शिबिरात ती मोजं कशी घालायची त्ये दावलंसा म्हणं. बायका किती हुत्या तितं?

शिवानी : साठ-सत्तर माणसं होती. बायका... दोघी होत्या.

तानूबाई : त्या दोघी भजी तळत हुत्या. त्यातली येक मी. मागनं ऐकू येत हुतं माईकवरचं. मला वाटलं पुढाऱ्याचं भाषान चाललंय.

शिवानी : चुकलं माझं. मी बाई असून मला सुचलं नाही. कॉलेजातल्या माझ्या सरांनी सांगितलं, मालकाला भेटून ये, आणि मी मालकाला भेटून आले. गोठ्यामागं जाऊन तुम्हाला गाठायला पाहिजे होतं. लाज वाटतीया मला. आणि राग पण येतोय, ह्यांचाही आणि माझाही.

तानूबाई : मला बी येतोय. तुमी दोघं बी शाणी. दोघास्नी सगळं ठाव. आन आठ म्हयनं रोज सांजचं हुडहुडी भरून हातरुणात पडतोय मी. घामानं वाकाळ भिजती. सकाळी उठून परत त्याच म्हशीखाली बसतोय. माझं मणकं गेल्यात, आन तुमी हितं कागदावरनं भांडतायसा!

अण्णासो : तानू, अगं तुझ्यासाठीच आलोय की मी हितं. तुझ्यासाठीच भांडतोय.

तानूबाई : मला भांडण नगं. पोरी, ह्यास्नी लेखी पायजे न्हवं? लिव. दोघांचं बी लिव. तू काय केलं न्हाईस आन ह्यांनी काय केलं न्हाई.

शिवानी : लिहिते. सरांच्या टेबलावर मीच नेऊन ठेवते. शिक्का मारायला लावते.

तानूबाई : आन उद्या गाडी घिऊन ये. चारींचं रक्त काढ. ज्या म्हशीत निगंल ती येगळी बांधायची. चांदणी असली तर चांदणी.

अण्णासो : पाडवा तोंडावर आलाय, तानू...

तानूबाई : गाडी कोण अडवतंय त्ये बघतो मी!

शिवानी : मामांचं रक्तही तपासावं लागेल. मी डॉक्टरांना चिठ्ठी देते.

अण्णासो : माझं कशाला? मला काय धाड भरलीया?

शिवानी : रोज कच्चं दूध पिता ना?

अण्णासो : धार काढली की पेला लावतूय तोंडाला. पोरवयापासनं.

शिवानी : मग आजपासून उकळून प्यायचं. मावशी, गोठ्यातलं काम तुम्ही काही दिवस करायचं नाही. मामा, शेण, धार, सगळं आता तुम्ही. हातमोजे घालून. हे घ्या, नवीन पाकीट. आणि मावशी, हा माझा नंबर. ह्यांच्या नाही, तुमच्या फोनमध्ये घालून देते.

तानूबाई : घाल.

अण्णासो : बरं, चल आता. यष्टी जाईल. उठवू का धरून?

तानूबाई : थांबा वाईच. ही पाडव्यानंतर आलती, तवा मी कुठं हुतो?

अण्णासो : घरातच हुतीस की.

तानूबाई : घरात कुठं?

अण्णासो : मागं परड्यात. गवऱ्या लावत हुतीस.

तानूबाई : आन ही पायरीवर हुबी.

अण्णासो : व्हय.

तानूबाई : एक हाक मारायची हुतीसा. हात धुऊन आलो असतो की मी.