त्याच ताग्यातलं ठिगळ

हाताचं प्लास्टर सांभाळत ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या मुलीने पुस्तक उघडलं होतं खरं, पण तिचे कान होते शेजारच्या सासू-सुनेकडे.

"काच बसवताना निसटली की आधी मागे सरायचं, हा माझ्या लेकाचाच नियम ना गं?"

"हो आई. पण कामावरच्या जोडीदाराला बाजूला ढकलायला पाठ फिरवली, आणि गुडघ्यामागची मोठी शीरच कापली गेली."

"आणि आता दुसऱ्या पायातली शीर तिथे जोडली म्हणतेस?"

"डॉक्टर म्हणाले तसं. पायाची बोटं गरम झाली की पाय वाचला समजा."

"असं इकडचं तिकडे चालतं?"

"पँट फाटली की मी दुमडीतलंच कापड काढते ना? त्याच ताग्यातलं ठिगळ बरोबर बसतं."

"तुझी पँट कापडाची गं. ह्यातून रक्त धावायचंय."

दार उघडलं. "एकीनेच या," नर्स म्हणाली.

सुनेने सासूला पुढे केलं. थोड्या वेळाने सासू भिंत धरत बाहेर आली.

"आई, बोटं?"

"माझ्या हातापेक्षा गरम आहेत. तू जा."

"एकीनेच म्हणाल्या ना?"

"मी बघते नर्सबाईंकडे. तू हात लावून ये. तुला शिवणीतलं कळतं, मला अजून खरं वाटत नाहीये."