दोन दारांचा निळा

(सोलापूर, शुक्रवार पेठ. सोमवार, दुपारचे चार. घराखालच्या गाळ्याचं शटर पूर्ण ओढलेलं. आत अभिमन्यूची जुनी घेतलेली गाडी. तो स्टिअरिंगपुढे, मांडीवर लॅपटॉप. मागच्या सीटवर त्याची आई वच्छला आणि काळ्या चष्म्यातले वडील शरणप्पा.)

अभिमन्यू : अव्वा, बोट काढ तिथनं. विभूती कीबोर्डात जाईल.

वच्छला : लावली नाही रे, नुसती टेकवली. नव्या कामाला हात घालतोयस म्हणून.

अभिमन्यू : बरं. आता पाच मिनिटं कुणी दार उघडायचं नाही, काच खालीवर करायची नाही. मध्येच वीज तुटली तर हा डबा कायमचा मेला.

शरणप्पा : कंचा डबा?

अभिमन्यू : दिव्यांचं मॉड्यूल, अप्पा. दारांना, डॅशबोर्डला ह्या ज्या बारीक उजेडाच्या रेघा आहेत ना, त्यांचा मेंदू समजा. ही वायर स्टिअरिंगखाली जोडली की लॅपटॉप त्याच्याशी बोलतो.

शरणप्पा : आन् ते काय म्हणतंय?

अभिमन्यू : म्हणतंय, मला दोनच रंग येतात. पांढरा आणि नारिंगी.

शरणप्पा : मग तिसरा कुटनं आणणार तू? सकाळधरनं बघतोय मी, एक स्क्रू सुदिक काढला न्हाईस.

अभिमन्यू : काढायचाच नाही. एकेका दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारके दिवे आधीच आहेत. तिघांचं कमीजास्त केलं की पाहिजे तो रंग. कंपनीने महाग गाडीत ते उघडे ठेवलेत, ह्या गाडीत कुलूप घातलंय. मी एका ओळीत शून्याच्या जागी एक लिहिणार, आणि खाली रंगाचे आकडे. बास.

वच्छला : म्हणजे ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हापासून हिच्यात सगळे रंग होते?

अभिमन्यू : होते की.

वच्छला : आणि आधीच्या मालकानं सात वर्षं चालवली, त्याला पत्ता नाही.

अभिमन्यू : त्याला काय पत्ता लागणार. पांढरा दिसतोय म्हणजे पांढरा.

वच्छला : सिद्धरामा.

शरणप्पा : हिचं सुरू झालं. त्या दिशी दवाखान्यात माझ्या डोळ्याची पट्टी काढली तवा पण देवालाच हाक. डॉक्टर बिचारा तिथंच हुबा.

वच्छला : डॉक्टरांना पण नमस्कार केला होता मी.

शरणप्पा : रंग कंचा टाकतोयस पण? मला इचारलंस का? तीस वरसं रंगमास्तर हुतो चादरीच्या कारखान्यात. अख्खी पेठ शेड इचाराय माझ्याकडं यायची, आन् घरचं पोरगं इचारत न्हाय.

अभिमन्यू : अव्वानं सांगितलाय रंग.

शरणप्पा : हिला रंगातलं काय कळतंय?

वच्छला : काही नाही कळत. सहज सांगितला.

अभिमन्यू : सहज कसला. दोन तास इथं बसून होती काल. मी आकडा वाढवला की म्हणायची, थोडा कमी. कमी केला की म्हणायची, आता मेला, परत जरा जिवंत कर. दोनशे चौदा का दोनशे सतरा, एवढ्यावरनं मला तीनदा परत फिरवलं. मला फरक दिसत नव्हता, खरं सांगतो.

शरणप्पा : लई झालं कौतुक. लाव आता.

अभिमन्यू : लावतोय. नव्वद टक्के. अप्पा, चष्मा काढला तरी चालेल, अंधार आहे. डोळा चोळायचा नाही फक्त, नऊच दिवस झालेत. पंच्याण्णव. झालं. हं, बघा.

वच्छला : आला रंग.

अभिमन्यू : अप्पा? कसं वाटतंय? अप्पा, बोला की.

शरणप्पा : थांब जरा.

अभिमन्यू : डोळ्याला त्रास होतोय का? बंद करू?

शरणप्पा : हात लावू नगंस त्याला. यप्पा... ह्यो निळा हाय व्हय?

अभिमन्यू : निळाच. तुमच्या कारखान्यातला मोरपंखी.

शरणप्पा : तीस वरसं निळा शिजवला मी. हौदावर वाकून वाकून पाठ गेली. ह्यो रंग मी बघितलेला न्हाय. न्हाय, बघितलाय. लई मागं. नवा नवा कामाला लागलो तवा असाच दिसायचा. मला वाटायचं, पुढं पुढं रंगाची पावडरच हलकी याय लागली.

वच्छला : हळू. डोळ्यांत पाणी आणू नका, थेंब टाकलेत आत्ताच.

शरणप्पा : पोरा, ह्यो रंग तू बदललास का आत्ता?

अभिमन्यू : नाही. हात वर आहेत माझे.

शरणप्पा : मग डाव्या डोळ्यापुढं हात धरला की जातोय कुटं? गेला बघ. मळला. चहाच्या गाळणीतनं बघितल्यागत. हात काढला... आला.

अभिमन्यू : डावा डोळा ऑपरेशनचा. उजव्यात मोतीबिंदू आहे अजून.

शरणप्पा : म्हंजी गाडी तीच?

अभिमन्यू : गाडी तीच, रंग तोच. डोळे दोन.

शरणप्पा : उजव्यानं एक निळा, डाव्यानं दुसरा. एकाच माणसाला.

वच्छला : डॉक्टर म्हणाले होते ना. मोतीबिंदू आज-कालचा नाही, सात-आठ वर्षं हळूहळू पिवळा होत आलाय. निळं-जांभळं सगळ्यात आधी जातं म्हणाले, आणि माणसाला समजत पण नाही.

शरणप्पा : तवा मी आयकलं न्हाय. तवा जीव डोळ्यात हुता... अभी, तुझ्या कामात एक खोट हाय पर.

अभिमन्यू : कुठं?

शरणप्पा : दारं एक न्हाईत. तुझ्या दाराचा निळा सरळ हाय. पलीकडच्या दाराला जांभळी झाक मारतीय. उगं इवलीशी, पर हाय.

अभिमन्यू : दिसलं तुम्हाला?

शरणप्पा : न दिसाय काय झालं? आंधळा हाय का मी?

अभिमन्यू : खोट नाही ती. अव्वाने तसंच करायला लावलंय. एका तुकड्याचा रंग ह्या दाराला, दुसऱ्याचा त्या.

शरणप्पा : कसलं तुकडं?

वच्छला : अभी, दे त्यांच्या हातात. सांभाळून, चिठ्ठ्या सुटतील.

शरणप्पा : ही तर चादरीची कात्रणं. टाचणी मारल्याली. माझीच पद्धत ही, लॉट पास केला की कात्रणाला चिठ्ठी. ही माझी सही... ही पण माझीच. अगं, कुटनं आणलंस हे?

वच्छला : देवघराच्या खणात होते.

शरणप्पा : कवाधरनं?

वच्छला : सहा वर्षं.

शरणप्पा : सहा... त्या ऑर्डरीचे व्हय? जी परत आली?

वच्छला : हो. पहिला लॉट आणि दुसरा लॉट.

अभिमन्यू : कुठली ऑर्डर?

शरणप्पा : जिच्यापायी ईरप्पा काम सोडून गेला ती.

अभिमन्यू : ईरप्पाकाका त्यावरनं गेले? मला वाटलं पगारावरनं.

शरणप्पा : निम्म्या चादरी एका रंगाच्या, निम्म्या दुसऱ्या, म्हणून पार्टीनं समदा माल परत धाडला. मालकानं मला हुबं केलं. मी म्हणालो, मी पास केला तो रंग ह्यो न्हवं. माझ्या माघारी ईरप्पानं हौदात कायतरी घातलं. वीस वरसं माझ्या हाताखाली हुता त्यो. त्यानं एक सबूद काढला न्हाय. मान खाली घातली आन् गेला. मला वाटलं, चोर हाय म्हणून बोलत न्हाय.

वच्छला : त्या दिवशी जाताना घरी आले होते ईरप्पाभावजी. हे दोन तुकडे दिले. म्हणाले, वहिनी, दोन्हीवर मास्तरांची सही आहे. मालकाला दाखवलं तर मास्तरांना घरी बसवतील, रंग दिसत नाही म्हणून. हे कुणाला दाखवू नका, पण टाकू पण नका.

शरणप्पा : थांब. अभी, शटर वर कर, बाहेरचा उजेड येऊ दे. मला आधी बघू दे. चिठ्ठ्या काढ. माझ्या माघारी अदलाबदल कर आन् एकेक पुढं धर. कारखान्यात असंच बघायचो आमी.

वच्छला : आता आणखी कशाला?

शरणप्पा : धर म्हणतोय न्हवं. उजवा झाकलाय. नव्या डोळ्यानं... ह्यो पयला लॉट.

वच्छला : बरोबर.

शरणप्पा : दुसरा. ह्यो पुना दुसराच. पयला.

वच्छला : सगळे बरोबर.

शरणप्पा : आता डावा झाकतो. सहा वरसापूर्वीचा डोळा. धर... धर की.

वच्छला : धरलाय. दोन्ही धरलेत, शेजारी शेजारी.

शरणप्पा : एकच हाईत. माझ्या आईच्यान, एकच हाईत गं. आजपण पास केलं असतं.

अभिमन्यू : अप्पा, राहू द्या. नका बघू परत परत.

शरणप्पा : तो म्हणाला हुता मला. उत्तरेच्या खिडकीत नेऊन म्हणाला हुता, मास्तर, दुसरा जांभळा मारतोय, परत एकदा बघा. मी म्हणालो, तू मला शिकीवणार व्हय?... वच्छले, तुला तवाच दिसत हुतं?

वच्छला : दिसत होतं.

शरणप्पा : मग बोलली का न्हाईस?

वच्छला : बोलले एकदा. जेवताना. तुम्ही ताट सारून उठलात. म्हणालात, भाकरी भाजणाऱ्या बाईनं शेड सांगायची व्हय. मग वाटलं, माझ्या सांगण्यानं तुम्हाला दिसणार थोडंच आहे. दिसत नाही त्याला काय सांगायचं? दिसेल तेव्हा दिसेल.

शरणप्पा : आन् न्हाईच दिसलं असतं तर?

वच्छला : तर मी सोमवार करतच होते.

अभिमन्यू : थांब अव्वा. तुझे ते अळणी सोमवार? बिनमिठाचे? ते अप्पांच्या डोळ्यांसाठी होते ना?

शरणप्पा : मोतीबिंदू कळल्याधरनं मला पण तेच वाटायचं. शेजारच्या बायकास्नी सांगत हिंडायचो, बायको माझ्या डोळ्यासाठी अळणी खाती म्हणून.

वच्छला : डोळ्यांचं औषध डॉक्टरांकडं असतं. ज्याला औषध नाही त्यासाठी होते. दोन्ही घरांची माणसं परत एका पंगतीला बसेपर्यंत मीठ नाही, असं सिद्धरामापुढं बोलले होते. ईरप्पाभावजींची बायको मायाक्का, तिला ठाऊक आहे. दर सोमवारी देवळात भेटते ती. आम्ही तुमच्याबद्दल बोलत नाही, त्यांच्याबद्दलही नाही. माझ्या ओंजळीत बेल घालते आणि जाते.

शरणप्पा : सहा वरसं.

अभिमन्यू : म्हणजे काल दोन तास दोनशे चौदा, दोनशे सतरा चाललं होतं ते ह्यासाठी? मला सांगायचं तरी.

वच्छला : तुला सांगितलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस. त्यांचं त्यांना दिसायला पाहिजे होतं. डॉक्टर म्हणाले, नव्या डोळ्याला निळा लख्ख दिसेल. त्याच दिवशी तू म्हणालास, गाडीत पाहिजे तो रंग घालता येतो, दाराला दाराला वेगळा. मी सिद्धरामाला हात जोडले. मला बोलवत नव्हतं ते उजेडाकडून बोलून घेणार होता तो, आणि त्याची तयारी कंपनीत गाडी झाली तेव्हाच करून ठेवलेली.

अभिमन्यू : कंपनीनं, अव्वा.

वच्छला : बरं, कंपनीनं.

शरणप्पा : अभी, ईरप्पा आता ऱ्हातो कुटं?

अभिमन्यू : विडी घरकुलला. पंधरा-वीस मिनिटं.

शरणप्पा : गाडी जातीय का आत्ता? का अजून तुझा डबा मरंल?

अभिमन्यू : वायर काढली की जाते. दारं एक करू का आधी? दोन मिनिटांचं काम.

शरणप्पा : अजाबात न्हाय. हैत तशी ठिव. त्याला हितं मधी बसवतो, आन् इचारतो, कंच्या दाराला जांभळी झाक हाय सांग. त्यो सांगंल. मग मी म्हणतो, बरोबर हाय तुझं.

अभिमन्यू : एवढंच म्हणणार?

शरणप्पा : सहा वरसापूर्वी एवढंच म्हणायचं हुतं की रं. त्याच्या म्होरलं त्यानं म्हणावं. त्यानं दार लावून घेतलं तरी बाहेर गाडीत बसंन मी. उजेड खिडकीतनं दिसतोय न्हवं?

अभिमन्यू : दिसतो. अंधार पडायला लागला की चांगला दिसतो.

वच्छला : तुमचा चष्मा घाला आधी. बाहेर ऊन आहे अजून. अभी, मायाक्काला फोन लावून दे मला.

अभिमन्यू : वाजतोय. घे.

वच्छला : मायाक्का, मी वच्छला. नाही, सगळं ठीक आहे. आम्ही येतोय तुमच्याकडं, तिघंही. हो, तेही. दिसलं त्यांना... रडू नको गं. नाही, गोडाचं काही करू नको, रोजची भाजी-भाकरी कर. आहे, आज सोमवारच आहे. मीठ घाल.